दीड बोट

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय. मधल्या काळात दोघांनी मेल करून चौकशी केली, एका ब्लॉगर मैत्रिणीने 'आहेस ना गं?' असं विचारलं, आणि ताईने फोनवर 'तुझं ते लिहिणं बंद पडलं वाटतं' असं तिच्या नेहमीच्या आवाजात सुनावलं. बंद नाही पडलं. बोटीत डोकं घातलं होतं. अगदी खरंखुरं. मागच्या कप्प्यात कमरेपर्यंत आत, पाय वर, तोंडात टॉर्च.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : आमच्याकडे एक शिडाची बोट आहे. 'बोट आहे' म्हटलं की गावाकडच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. बावीस फूट लांब, वय माझ्याइतकंच, आत उभं राहिलं तर डोकं आपटतं. आमच्या जुन्या गाडीपेक्षाही स्वस्तात मिळाली. ती बर्कलीच्या मरिनात बांधलेली असते. समोर गोल्डन गेट पूल, डावीकडे सॅन फ्रान्सिस्को, मध्ये अल्कॅट्राझ. देखावा फुकट, बाकी सगळ्याला पैसे.

तर झालं असं. २०२३ च्या जुलैमध्ये आई-बाबा आले होते. बाबांचं बालपण वाशिष्ठीच्या खाडीकाठी, धोपाव्याच्या बाजूला गेलं. दाभोळला जायचं तर तरीतून. त्यामुळे मुलीने बोट घेतली याचा त्यांना कोण आनंद! आईचं माहेर पुण्याचं. तिचा पाण्याशी संबंध म्हणजे खडकवासल्याची कपात. पण नातीसाठी ती तयार झाली. आम्ही पाच जण : आई, बाबा, नवरा, लेक आणि मी.

इथल्या उन्हाळ्याची एक गंमत आहे. आतल्या बाजूला सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या चिंचोळ्या दारातून आत घुसते. त्या दाराच्या बरोबर समोर, खाडीपलीकडे, बर्कली. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी दोन-तीनला उकळायला लागतं. त्यात ओहोटी असली तर पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय, दोघं समोरासमोर. लाटा मोठ्या नसतात, पण आखूड आणि उभ्या असतात, एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी. हे सगळं मला माहीत होतं. तरी निघायला उशीर झाला (डबे!), फिरलो जास्त, आणि परतीला लागेपर्यंत अडीच वाजले.

आई घाबरायला नको म्हणून मी शिडं उतरवली आणि इंजिन लावलं. ही पहिली चूक. शीड असलं की बोट वाऱ्याला टेकून स्थिर चालते. शीड उतरवलं की नुसतं डोलत राहते. लाटा मागून येत होत्या. आम्ही पाचही जण मागे, कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत. तिथल्या जमिनीला मागच्या भिंतीतून बाहेर जाणारी दोन भोकं असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. पण बोटीची शेपूट इतकी खाली बसली होती की भोकंच पाण्याखाली गेली, आणि जे पाणी बाहेर जायचं ते उलट आत यायला लागलं. आधी आईच्या चपला भिजल्या. मग मोजे. लाट आली की मागची बाजू वर उचलली जायची, इंजिनाचा पंखा हवेत किंचाळायचा, आणि पुन्हा धप्पकन खाली, की आणखी पाणी.

आणि मग पेट्रोलचा वास आला.

मी इंजिन बंद केलं. नवऱ्याला पुढचं शीड चढवायला सांगितलं आणि त्या एका शिडावर आम्ही मरिनाच्या बंधाऱ्याआड शिरलो. वारा पाठीशी होता म्हणून जमलं. आईची रामरक्षा तोवर दुसऱ्यांदा सुरू झाली होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत. धक्क्यावर उतरताना आई एवढंच म्हणाली, "छान आहे हो तुमची बोट. मी आता लांबून बघीन."

इथवरची गोष्ट नातेवाइकांत सगळ्यांना पाठ आहे. आई ती चपलांच्या किमतीसकट सांगते. पुढची मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. ताई, आईला वाचून दाखवत असशील तर पुढचा परिच्छेद गाळू नकोस. तो तिच्यासाठीच लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपलेले असताना मी एकटी मरिनात गेले आणि मागचा कप्पा उघडला. त्यात दोन बॅटऱ्या होत्या आणि त्यांना चिकटून पेट्रोलची टाकी. आधीच्या मालकाने तसं ठेवलेलं होतं, आणि घेतल्यापासून चार वर्षं मीही तसंच चालू दिलं होतं. बॅटऱ्यांना बांधलेला पट्टा कुजून तुटला होता. एक बॅटरी कलंडून टाकीवर रेलली होती. टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपलेलं होतं. आणि दुसऱ्या बॅटरीच्या टोकावरचा नट इतका सैल होता की वायर बोटाने हलत होती. सैल वायर हलली की ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, कप्प्याच्या तळाशी साठून राहते. त्यात तशा बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. आणि या सगळ्यावरच्या झाकणावर माझी लेक बसली होती, कारण तिथून लाटा छान दिसतात.

मी बराच वेळ धक्क्यावर बसून राहिले. घरी येऊन पोहे केले. कोणाला काही बोलले नाही.

त्यानंतर वर्षभर बोट हलली नाही. नवरा म्हणाला, विकून टाकू. विकायची म्हणजे कुणाला तरी तोच कप्पा विकायचा. म्हटलं, आधी नीट करू, मग विकू. (नीट झाल्यावर विकायचा विषय निघाला नाही. तो निघणार नाही हे त्यालाही माहीत होतं.)

बाबांशी रविवारच्या फोनवर 'बोटीची शेपूट जड आहे' एवढंच बोलले. वास, ठिणगी वगैरे नाही. ते लगेच खुलले. म्हणाले, "अगं, आमचा तरीवाला सुटायच्या आधी माणसं उठवून पुन्हा बसवायचा. तांदळाचं पोतं मध्ये, तळाला. बाजारची गर्दी असली की दोन माणसं नाळेकडे. एकदा एका सावकाराला उठवून पुढे बसवला होता, तो चिडला तर म्हणे, तुमचं वजन गावात, इथे माझं." मोठी जहाजं रिकामी निघाली तर तळाशी दगड भरायचे, त्याला नीरम म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आपल्या भाषेत इतका छान शब्द पडून आहे आणि आपण खुशाल बॅलास्ट म्हणतो!

मग मी तरीवाल्याचंच गणित कागदावर केलं. ते सीसॉचं गणित आहे, लेकीलाही समजलं. वजन गुणिले मधल्या बिंदूपासूनचं अंतर. दोन बॅटऱ्या, प्रत्येकी एकवीस-बावीस किलो, मध्यापासून अडीच मीटर मागे. टाकी सहा गॅलनची, म्हणजे जवळजवळ तेवीस लिटर. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं तर सतरा किलो, वर टाकीचं स्वतःचं वजन, मिळून वीस. तीही मागे. शिवाय भिंतीला लटकलेलं सव्वीस किलोचं इंजिन, पण ते हलवता येत नाही. एकूण नव्वद किलो, म्हणजे एक धष्टपुष्ट पाहुणा कायम शेपटावर बसलेला, आणि वर आम्ही पाच.

बॅटऱ्या कुठे न्यायच्या याआधी मला प्रश्न पडला, दोन कशाला? आम्ही रात्री मुक्काम करत नाही. एलईडी दिवे, रेडिओ, खोली मोजायचं यंत्र, पाणी उपसायचा छोटा पंप. दिवसभराचा खर्च मोजला तर आठ-दहा अँपिअर-तास. एका साध्या बॅटरीत ऐंशीच्या आसपास असतात, त्यातले निम्मे वापरावेत, म्हणजे चाळीस. एक पुरून उरते. तेव्हा दुसऱ्या बॅटरीची बोटीवरची योग्य जागा म्हणजे धक्का! जुन्या दोन्ही दुकानात परत दिल्या आणि एक नवी आणली. ही बंद प्रकारची, कलंडली तरी आम्ल सांडत नाही. लिथियमची घ्या, वजन निम्मं होईल, असं शेजारच्या बोटवाल्याने सुचवलं. पण माझ्या इंजिनाचं चार्जिंग तिला सरळ चालत नाही, वेगळी यंत्रणा लागते. आणि बॅटरी मधोमध, तळाला जाणार असेल तर तिचं वजन शत्रू राहत नाही. ते तांदळाचं पोतं होतं.

जागा ठरली केबिनमध्ये उतरायच्या जिन्याखाली. मध्यापासून अर्धा मीटर मागे, बोटीच्या बरोबर मधल्या रेषेवर. इथे एक गोष्ट मला फार आवडली ती सांगते. शेपूट किती दबते ते अंतरावर अवलंबून असतं, पण लाटेत बोट पुढेमागे किती झुलते त्यात अंतराचा वर्ग येतो. अडीच मीटरचा अर्धा मीटर केला, अंतर पाचपट कमी, तर झुलण्यात त्या बॅटरीचा वाटा पंचवीसपट कमी! नवऱ्याला उत्साहाने सांगायला गेले. तो म्हणाला, "बरं." इंजिनिअरशी लग्न करून काही उपयोग नसतो.

काम जानेवारीत सुरू केलं. प्लायवूडचा पाट कापून तो फायबरग्लास आणि इपॉक्सीने तळाला चिकटवायचा. पहिल्या वेळी तो चिकटलाच नाही. बर्कलीची थंडी म्हणजे थंडी नव्हे असं मी नेहमी म्हणते, पण इपॉक्सीला ती पुरली. तीन दिवसांनी गेले तर गुळाच्या पाकासारखं. सगळं खरवडून पुन्हा केलं, या वेळी शेजारी दिवा लावून ऊब दिली. बॅटरीची पेटी पाटावर, पाट तळापासून तीन सेंटिमीटर वर, म्हणजे थोडं पाणी साचलं तरी बॅटरीला लागू नये. नव्या पट्ट्याने ती आवळली. इथल्या बोटबांधणीच्या नियमात म्हटलंय की बॅटरीला कुठूनही नव्वद पौंडांचा, म्हणजे एक्केचाळीस किलोंचा जोर मिनिटभर दिला तरी ती एक इंचाहून जास्त हलता कामा नये. मी भिंतीला पाठ लावून दोन्ही पायांनी ढकललं. हलली नाही. हे मी दर महिन्याला करते. कुजलेला पट्टा डोळ्यांसमोरून जात नाही.

वायर आली तेव्हा मला हसू आलं. खाऱ्या हवेत साधं तांबं आतून हिरवं पडतं, म्हणून बोटीवर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात. म्हणजे कल्हई! आजीच्या दारात भाता घेऊन बसणारे कल्हईवाले आठवले, नवसागराचा तो पांढरा धूर आणि पातेल्यावरून फिरलेला चंदेरी हात. इतक्या वर्षांनी मी कल्हई केलेली वायर फुटावर विकत घेत होते. इंजिन मागे आणि बॅटरी मध्ये, म्हणजे चार्जिंगची वायर लांबली, जाऊन-येऊन सहा मीटर. लांब वायरीत दाब गळतो, म्हणून दहा गेजची जाड घेतली. सहा अँपिअरला गळती बाराशतांश व्होल्ट. फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत, कारण त्याच्या अलीकडे काही झालं तर मधे पडायला कोणी नाही.

टाकीचा मोह मात्र जबर होता. कॉकपिटच्या बाकाखाली एक रिकामा कप्पा आहे, मस्त मध्यावर. वजनाच्या गणितात पहिला नंबर. पण तो केबिनला आतून जोडलेला आहे, आणि आता बॅटरीही केबिनमध्ये. म्हणजे मी तेच लग्न पुन्हा लावून दिलं असतं, फक्त वेगळ्या मांडवात. पेट्रोल बंद जागेत नाही म्हणजे नाही. शेवटी तीन गॅलनची छोटी टाकी घेतली. भरल्यावर अकरा किलो. ती कॉकपिटच्या जमिनीवर उघड्यावर, सुकाणूच्या दांड्याच्या जरा पुढे, पट्ट्याने बांधली. दिसायला वाईट दिसते. पाय अडखळतात. लेकीने तिचं नाव 'लाल मांजर' ठेवलंय. पण वास आला तर पहिला मला येईल, आणि वाफ गेली तर समुद्रावर. २०११ पासूनच्या टाक्या इथे ठरावीक दाबापर्यंत वाफ कोंडून धरतात, त्यामुळे उन्हात टम्म फुगतात. म्हणून धक्क्याला लागलं की इंजिनाकडची नळी काढून ठेवते. मागचा कप्पा आता रिकामा आहे. त्यात फक्त दोर आणि बादली.

आता निकाल. आधीच मी धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या मागे पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, पाच माणसं बसल्यावरची. पण जानेवारीत माणसं कुठून आणायची? वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन भरून बाकांवर बसवले. दोन्ही वेळेला तेच कॅन, त्याच जागा. आईचे तीन कॅन, बाबांचे तीन, वगैरे. (आई, तुझे तीन पुरेसे नव्हते, पण मी कोणाला सांगितलेलं नाही.) एक म्हातारा मच्छीमार कुत्र्याला घेऊन रोज तिथून जायचा, तो त्या ओळीत मांडलेल्या कॅनकडे बघून टोपी काढून नमस्कार करायला लागला.

काम संपल्यावर पुन्हा कॅन बसवले आणि मोजलं. दोन सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर. सहा महिन्यांचे शनिवार, कमरेतला उसण, आणि बोट वर आली दीड बोट!

बाबांना फोनवर सांगितलं. गणितही सांगितलं : बॅटऱ्या आणि टाकी मिळून जो फरक पडला, तो पासष्ट किलोचा माणूस दोन मीटर पुढे सरकला तर पडेल तेवढा. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "माझं वजन चौसष्ट आहे. मग त्या दिवशी मीच पुढे बसलो असतो की."

मी म्हटलं, "बाबा, दोन मीटर पुढे म्हणजे तुम्ही केबिनमध्ये गेला असता."

"तिथे निदान मोजे कोरडे राहिले असते."

तेव्हा मी त्यांना कप्प्यातलं सगळं सांगितलं. वास, सैल नट, लेक कुठे बसली होती ते. ते म्हणाले, "वास मलाही आला होता. तू इंजिन बंद केलंस तेव्हाच मला कळलं. तुझ्या आईला घाबरवायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो." म्हणजे तो पूर्ण वेळ आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

या जूनमध्ये दोघं पुन्हा आले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पुढच्या वर्षीचं कोणीच बोलत नाही. आईला बोटीबद्दल विचारायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही निघालो, या वेळी आठला, तर ती नवी सँडल घालून गाडीत येऊन बसली. "मी धक्क्यावरच बसणार आहे," म्हणाली. थर्मास घेऊन बसलीही. आम्ही दोर सोडायला लागलो तशी उठून कठड्यापाशी आली, आणि वाकून बराच वेळ त्या मागच्या भोकांकडे बघत राहिली. ती पाण्याच्या वर होती. फार नाही. पण वर.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हटलं.

तिने थर्मास माझ्या हातात दिला आणि नवऱ्याचा खांदा धरून एक पाय आत टाकला. बाबा आधीच बसलेले होते, जिन्याला पाठ लावून, अगदी पुढे. त्यांनी बाकावर हात थोपटला आणि तरीवाल्याच्या आवाजात म्हणाले, "मागे नको. इकडे ये, पुढे."